मैत्रीची बाटली आणि जयपूरचे सहा दिवस

जयपूरला निघायच्या आदल्या दिवशी सुनेचा फोन आला. "बाबा, काय आणायचं ते आणा, पण प्लास्टिकमधून काही आणू नका. डबा नको, पिशवी नको, पाण्याची बाटलीसुद्धा नको."

तोवर माझी बॅग भरून झाली होती. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, केळ्याचे वेफर्स, उडदाचे पापड आणि नातीसाठी शेंगदाण्याचे लाडू, सगळं पारदर्शक पिशव्यांत, तोंडाला रबरबँड लावून. भुसावळात यालाच नीट बांधाबांध म्हणतात. मी सगळं उपसलं, माळ्यावरचे स्टीलचे डबे काढले आणि पीठ उशीच्या धुतलेल्या अभ्र्यात भरलं. गाडीत ते डबे इतके वाजत होते की समोरच्या बर्थवरच्या बाईंनी विचारलं, "काका, भांड्यांचा धंदा आहे का?"

धंदा कसला! मी सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं औषधनिर्माता होतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. पत्नी वत्सला दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा प्रशांत रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. जयपूरला बदली होऊन त्याला सहा वर्षं झाली, तरी मी तिकडे कधी गेलो नव्हतो. दर वेळी तेच यायचे. या वेळी सुनेनं, सुजातानं, स्वतःहून बोलावलं. त्यांची मुलगी मैत्री साडेचार वर्षांची झाली होती आणि अजून मोजकेच शब्द बोलत होती. तिला मुलांच्या वाढीच्या एका डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं. "तुम्ही असलात तर बरं वाटेल," सुजाता म्हणाली. मग जरा थांबून, "तुम्हालाही काही विचारतील बहुतेक."

त्या शेवटच्या वाक्यानं माझी झोप गेली. कारण मैत्री पाच महिन्यांची असताना सुजाताला कावीळ झाली होती, अंगावरचं दूध बंद करावं लागलं होतं आणि पुढचे आठ महिने ती पोर आमच्याकडे भुसावळला होती. वत्सलाचे गुडघे दुखायचे, म्हणून बाटलीचं काम माझ्याकडे होतं. काही चुकलं असेल, तर ते माझ्याच हातून.

पहिला दिवस: रेल्वे कॉलनी

जानेवारीअखेरची थंडी जयपूरच्या फलाटावर उतरल्याबरोबर कानांत शिरली. भुसावळचा माणूस उन्हात पोळून निघालेला, त्याला ही थंडी म्हणजे कोणी चेष्टा करतंय असं वाटतं. प्रशांत रात्रपाळी करून तसाच स्टेशनवर थांबला होता. डबे बघून तो हसला. "तुम्हालाही हुकूम आला वाटतं?"

क्वार्टर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धमूर्तीचा फोटो, शेजारी बाबासाहेब, आमच्या घरी आहेत तस्सेच, त्याच उंचीवर. "जय भीम, बाबा," म्हणत सुजाता पुढे आली आणि तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. मैत्री दाराच्या पडद्यात गुंडाळून उभी होती. फक्त डोळे दिसत होते. ते वत्सलाचे डोळे, हे मी दर वेळी विसरतो आणि दर वेळी नव्यानं दचकतो.

स्वयंपाकघरात प्लास्टिकचा तुकडा उरला नव्हता. डाळी लोणच्याच्या काचेच्या बरण्यांत, मीठ चिनी मातीच्या सटात, पाणी तांब्याच्या कळशीत. न्हाणीघरात स्टीलची बादली आणि पितळेचा लोटा. "दात घासायचा ब्रश तेवढा वाचला," प्रशांत म्हणाला, "आणि मी."

बाल्कनीत एक मोठं पोतं होतं. तोंडापर्यंत भरलेलं. डबे, बाटल्या, मैत्रीचं जुनं ताट, एक मऊ रबरी बदक, एक निळा हत्ती. दोन महिन्यांपासून ते तिथंच होतं.

"कोणाला देऊन का टाकत नाहीस?" मी विचारलं.

"कोणाला देऊ, बाबा? मला माझ्या मुलीसाठी नको, ते दुसऱ्याच्या मुलाला कसं देऊ?"

दुपारी तिनं बाजरीची भाकरी आणि गट्ट्याची भाजी केली. गट्टे म्हणजे बेसनाच्या उकडलेल्या वळकट्यांचे तुकडे, दह्याच्या रश्श्यात. आमच्या पाटवड्यांची चुलत बहीण म्हणा. फक्त आमच्याकडे रस्सा घाम फोडतो, इथे दह्यामुळे तो सौम्य असतो. जेवताना सुजातानं काय काय वाचलंय ते सांगितलं. प्लास्टिक मऊ ठेवायला त्यात थॅलेट नावाची द्रव्यं घालतात, कडक बाटल्यांत दुसरी असतात. ती प्लास्टिकला घट्ट चिकटलेली नसतात. गरम पडलं, तेलकट-तुपकट पडलं की सुटून अन्नात उतरतात. घरातल्या धुळीतही असतात. आणि बाळाचा मेंदू घडत असताना शरीरातल्या ज्या ग्रंथीरसांवर सगळी मदार असते, त्यांच्या कामात ती ढवळाढवळ करतात.

"मतलब, पोटात असताना आणि पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात जास्त," ती म्हणाली आणि भाकरी वाढायला उठली.

पहिली दोन-तीन वर्षं. मी ताटाकडे बघत राहिलो. गरम पडलं की उतरतात. औषधनिर्माता असून हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं ते जंतू मारायचं. मी मैत्रीची बाटली दिवसातून दोनदा उकळायचो. घड्याळ लावून. प्लास्टिकची बाटली, वीस वीस मिनिटं.

दुसरा दिवस: चारदीवारी

सुजाताला कामावर जायचं होतं. ती शहराबाहेर सीतापुऱ्यात कपड्यांच्या एका कारखान्यात माल तपासणीचं काम करते. प्रशांतला सुट्टी होती. तो, मी आणि मैत्री ई-रिक्षात बसून तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, चारदीवारीत, गेलो. चांदपोल दरवाज्यातून आत शिरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच गेरू-गुलाबी रंगाची दुकानं, वर जाळीदार खिडक्या, खाली माणसं, स्कूटरी, गाई आणि पतंगांचे फाटके कागद. संक्रांत होऊन पंधरवडा झाला होता तरी तारांवर पतंग लटकत होते. मैत्री प्रत्येकाकडे बोट दाखवून म्हणायची, "पतंग." वीस वेळा. मीही वीस वेळा म्हटलं, "हो, पतंग."

त्रिपोलिया बाजारात भांड्यांची दुकानं आहेत. मला एक किटली घ्यायची होती. त्याचं कारण सकाळी घडलं होतं. कॉलनीच्या कोपऱ्यावर मी चहा आणायला गेलो, तर चहावाल्यानं उकळता चहा सरळ पातळ पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, ओतला, गाठ मारली आणि वर चार कागदी कप दिले. पन्नी हाताला पोळत होती. मला हसू येईना. भुसावळला रविवारी मी शेवभाजी पार्सल आणतो ती अशीच. तर्रीवाला रस्सा, उकळता, पिशवीत. वर्षानुवर्षं आणतोय.

दुकानदार पंचाहत्तरीचे होते. किटली कशाला हवी ते ऐकून म्हणाले, "बाऊजी, पहले तो हर घर से बर्तन आता था चाय लेने।" आणि त्यांनी मैत्रीला एक छोटासा पितळी पेला वाजवायला दिला. तिनं तो कानाला लावला. आतला नाद ऐकत ती कितीतरी वेळ उभी राहिली. प्रशांतनं तो विकत घेतला.

जेवण झालं एका बाकावर, कांद्याची कचोरी आणि वर गाजराचा हलवा. कचोरी फोडताना आतली वाफ माझ्या चष्म्यावर बसली, चष्मा पुसायला काढला आणि कोपर लागून नवी किटली रस्त्यावर गडगडत गेली ती थेट एका गाईच्या पायाशी. पहिल्याच दिवशी पोचा आला. मैत्री खळखळून हसली. आवाज मोकळा, स्वच्छ. हसण्यात तिला काही अडत नव्हतं.

परत येताना प्रशांत हळूच म्हणाला, "बाबा, सुजाता रात्रंदिवस हेच वाचते. मी काही बोललो की रडते. मला कळत नाही, ती कोणावर रागावली आहे."

मला वाटलं, मला कळतं. 

तिसरा दिवस: बनी पार्क

डॉक्टरांचा दवाखाना स्टेशनजवळच, बनी पार्कातल्या एका जुन्या बंगल्यात होता. अंगणात कडुनिंब, व्हरांड्यात लाकडी घोडा. डॉक्टरबाई मैत्रीपेक्षा आधी तिच्या पितळी पेल्याशी बोलल्या. जमिनीवर बसल्या, पेला वाजवला, वाट बघितली. तासभर त्या असंच काहीतरी खेळत होत्या आणि मधूनमधून लिहीत होत्या. कानाची तपासणी आधीच झाली होती; ऐकू चांगलं येत होतं.

मग आमची पाळी आली. गरोदरपण, बाळंतपण, कावीळ. मग त्यांनी हिंदीत विचारलं, "पाच महिन्यांनंतर दूध कोण पाजत होतं?"

"मी," मी म्हणालो.

"कसं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. बाटली कसली होती, किती वेळा उकळायचो, उकळतं दूध तिच्यातच ओतून गार पाण्यात कशी धरायचो. सांगता सांगता माझा आवाज मला परका वाटायला लागला. शेवटी मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी लोकांना आयुष्यभर औषध मोजून दिलं. एक थेंब कमीजास्त होऊ दिला नाही. या पोरीला मात्र मी आठ महिने रोज... माझ्यामुळेच असेल, तर तसं स्पष्ट सांगा. माझी सून मला बोलणार नाही. कोणीतरी बोललं पाहिजे."

बाहेर व्हरांड्यात मैत्री घोड्यावर डोलत होती, त्याचा तेवढा करकर आवाज. सुजाता माझ्याकडे बघतच नव्हती.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाऊजी, खरं सांगते. ही द्रव्यं मुलांच्या मेंदूच्या वाढीला चांगली नाहीत, असा पुष्कळ पुरावा आहे. बोलणं, लक्ष लागणं, वागणं, या सगळ्याशी त्यांचा संबंध दिसतो. पण तो दिसतो खूप मुलं एकत्र पाहिल्यावर. एका मुलाकडे बोट दाखवून, हे या बाटलीमुळे झालं, असं जगातला कोणताही डॉक्टर म्हणू शकत नाही. उशिरा बोलण्याची कारणं दहा असतात. ही गोष्ट मला कळणार नाही, तुम्हालाही नाही. त्या न कळण्यासोबत राहायला शिकावं लागेल."

मग त्या सुजाताकडे वळल्या. "एक चांगली गोष्ट सांगू? यातली बरीचशी द्रव्यं शरीर एक-दोन दिवसांत बाहेर टाकतं. म्हणजे आज घरात जे बदललं, ते आजपासून कामाला येतं. गरम अन्न प्लास्टिकमध्ये नको, फरशी ओल्या फडक्यानं पुसा, मुलीचे हात धुवा. बस. टूथब्रशला घाबरू नका." सुजाता पहिल्यांदा किंचित हसली. "आणि घाबरण्यात जो वेळ जातो, तो तिच्याशी बोलण्यात घालवा. हिला आठवड्यातून दोनदा वाचा-उपचाराला आणा. घरी जे काही कराल ते बोलून करा. उत्तराची वाट बघा. मी पेल्याची बघितली तशी."

बाहेर आल्यावर प्रशांत रिक्षा बघायला गेला. मी आणि सुजाता कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसलो. मैत्री निंबाची वाळलेली पानं गोळा करून पेल्यात भरत होती.

"बाबा, तुम्ही हे किती दिवस मनात ठेवलंय?"

"तुझा फोन आला तेव्हापासून. तू म्हणालीस ना, तुम्हालाही विचारतील."

"अहो, ते मी..." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "तुम्हाला विचारल्यावर तुम्ही माझ्याबद्दल काय सांगाल, याची मला भीती होती. मला वाटायचं, तुमच्या मनात असेल की हिनं कामाच्या मागे लागून पोरीचं नुकसान केलं."

मला काही उमगेना. मग ती बोलत गेली. मैत्री पोटात असताना ती कारखान्याच्या छपाई विभागात होती. टी-शर्टावर जी जाड, रबरासारखी चित्रं असतात ती तिथं छापतात. ती शाई म्हणजे प्लास्टिकच, मऊ ठेवणाऱ्या तेलात कालवलेलं. छापलेला कपडा भट्टीतून गरमागरम बाहेर येतो आणि तपासणारीनं तो हातात घेऊन, डोळ्यांजवळ धरून बघायचा. सातव्या महिन्यापर्यंत तिनं ते केलं. वास यायचा, मळमळायचं, सगळे म्हणायचे, दिवस गेलेत, मळमळणारच.

"गेल्या दिवाळीत परदेशातल्या लहान मुलांच्या कपड्यांची ऑर्डर आली. त्यासाठी शाई वेगळी मागवली. डब्यावर लिहिलं होतं, यात थॅलेट नाही. मी साहेबांना विचारलं, हे काय असतं? ते म्हणाले, तिकडच्या मुलांना चालत नाही. मी त्या डब्यासमोर उभी राहिले बाबा, आणि विचार केला, माझी मुलगी कुठली होती मग?"

 मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तसा कधी ठेवला नव्हता. ती लहान मुलीसारखी रडली, मीही रडलो. दोघं जण एकाच ओझ्याचा अख्खा भार आपापल्या खांद्यावर घेऊन एकमेकांपासून तोंड लपवत होतो. मैत्री पानं भरलेला पेला घेऊन आमच्यासमोर आली, आधी तिच्या आईला दिला, मग काढून मला दिला.

चौथा दिवस: घरीच

डॉक्टरांनी सांगितलं ते मी सकाळपासून सुरू केलं. "आता आजोबा उठले. आता आजोबा पाय खाली ठेवतात. अबब, किती गार! आता आजोबा मोजा घालतात." प्रशांत म्हणाला, रेडिओवर क्रिकेटचं वर्णन चालल्यासारखं वाटतंय. मैत्री उंबरठ्यावर बसून सगळं ऐकत होती. एक मोजा घालून झाला आणि मी थांबलो. उत्तराची वाट बघायची असते. पाय गारठला. मी तरी थांबलो. ती उठली, पलंगाखाली वाकली आणि दुसरा मोजा घेऊन आली. "दुसला," ती म्हणाली.

तो मोजा मी संध्याकाळपर्यंत काढला नाही.

पाचवा दिवस: सीतापुरा

आदल्या रात्री सुजाता म्हणाली, "बाबा, उद्या माझ्यासोबत कारखान्यापर्यंत याल? आत नाही येता येणार. पण बाहेर असा."

बसनं निघालो. सीतापुरा शहराच्या दक्षिणेला. गुलाबी रंग मागे पडतो, सरळ रुंद रस्ते लागतात, उंच भिंती, पत्र्याची छपरं आणि स्कूटरींवरून, बसमधून उतरणाऱ्या माणसांचे लोंढे. फाटकासमोर चहाची टपरी होती. मी पोचा आलेली किटली पुढे केली, चहावाल्यानं मुकाट्यानं तिच्यात चहा ओतला. कोणी हसलं नाही.

वाटेत सुजातानं सांगितलं होतं. छपाईत कमला नावाची मुलगी आहे, गावाकडून आलेली, सहावा महिना. ती भट्टीजवळच उभी असते आणि डबाही तिथंच खाते. "मी दोन महिन्यांपासून रोज तिला बघते आणि पुढे जाते. बोलले तर मला विचारतील, तूही केलंस ना? आणि मला ते ऐकवत नव्हतं."

ती आत गेली. तासाभरानं, चहाच्या सुट्टीत, दोघी बाहेर आल्या. सुजाताचे गाल लाल झाले होते.

"काय म्हणाले?"

"साहेब तेच म्हणाले, तू नाही का केलंस? मी म्हणाले, केलं, आणि आज माझ्या मुलीला बोलायला शिकवायला नेतेय. कशामुळे ते मला माहीत नाही. पण जे माहीत आहे, ते हिला न सांगता मी तपासणीच्या कागदावर सही करणार नाही." ती दम घेत थांबली. " मग म्हणाले, हिला धागे कापायच्या टेबलावर बसवा. हवा बाहेर टाकणारा मोठा पंखा बंद पडलाय, तोही लावू म्हणाले. पंखा लागेल तेव्हा खरा."

कमला विशीतली असेल. लाखेच्या हिरव्या बांगड्या, डोक्यावरून पदर. तिला रसायनांचं वगैरे फारसं काही कळलेलं दिसत नव्हतं. मला नमस्कार करून ती आनंदानं म्हणाली, "बाऊजी, वहाँ बैठने को कुर्सी है।"

मी माझ्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा तिच्या हातात दिला. रिकामा झाल्यावरही डबा ठेव म्हणालो, स्टीलचा आहे, जेवण त्यात आणत जा.

सहावा दिवस: स्टेशन

परतीची गाडी दुपारची होती. प्रशांतची ड्युटी होती, तो आदल्या रात्रीच पाया पडून गेला होता. सुजाता आणि मैत्री पोचवायला आल्या. सुजातानं वाटेसाठी दशम्या आणि लसणाची चटणी कापडात बांधून दिली. मैत्री इंजिनाकडे बघत होती.

गाडी सुटायला पाच मिनिटं असताना सुजाता खिडकीशी आली. गजाला धरून म्हणाली, "बाबा, एक विचारायचं होतं. एप्रिलमध्ये वाचा-उपचाराच्या बाई महिनाभर सुट्टीवर आहेत. मी दिवसभर कामावर असते. मैत्रीला तो महिना तुमच्याकडे ठेवू?"

मी खिडकीकडे सरकलो.

"तिच्याशी दिवसभर बोलणारं माणूस हवंय," ती म्हणाली. "आणि तिचं खाणंपिणं तुमच्याइतकं जपून कोणी करणार नाही, मला माहीत आहे."

 गाडीनं धक्का दिला, फलाट सरकायला लागला, सुजाता दोन पावलं चालली आणि थांबली. मैत्री तिच्या कडेवर होती. मी हात हलवत राहिलो, पण तोंडातून एक शब्द फुटला नाही.

सवाई माधोपूर आलं तेव्हा आवाज परत आला. मी फोन लावला. पलीकडून तिचं "हॅलो, बाबा" ऐकू आलं. "पाठव," मी म्हणालो. "नाही, पाठवू नकोस. मीच न्यायला येतो."